फूबार २००० : रागदारीवाल्यांचा फुकट आणि रुक्ष प्लेअर

सिनेमाची गाणी, भावगीतं, अधूनमधून एखादं भजन, एवढंच ऐकणं असेल तर हा प्लेअर तुमच्यासाठी नाही. मोबाइलवरचं कुठलंही अ‍ॅप उघडा, नाव टाका, गाणं वाजतं. स्वयंपाक करताना मीही तेच करते. पण घरात हार्ड डिस्क भरून ख्याल, ठुमऱ्या, नाट्यपदं, कुणीतरी बैठकीत टेप केलेली दीड तासाची मैफल, जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलं गाणं असा सगळा पसारा असेल आणि त्यातला हवा तो मारवा राग वेळेला सापडत नसेल, तर पुढे वाचा.

फूबार २००० हा मुळात विंडोजवरचा प्लेअर. पीटर पावलोव्स्की नावाच्या प्रोग्रॅमरने तो केला. हा गृहस्थ आधी विनॅम्प हा एकेकाळचा गाजलेला प्लेअर करणाऱ्या नलसॉफ्ट कंपनीसाठी काम करायचा. फूबारची पहिली आवृत्ती २००२ ची. विनॅम्पचे हाल आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले आहेत: १९९९ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने नलसॉफ्ट विकत घेतली, २०१३ मध्ये गाशा गुंडाळत असल्याची घोषणा केली, २०१४ मध्ये ती तिसऱ्याच्याच पदरात पडली. फूबारला असा कुणी मोठा मालक भेटला नाही आणि त्याचं काही अडलंही नाही. २०२३ मध्ये त्याची २.० आवृत्ती आली, ६४ बिटची, डार्क मोडसकट. पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत, खातं उघडा म्हणून मागे लागत नाही.

पहिल्यांदा उघडल्यावर मात्र विरस होतो. राखाडी पट्टी, पांढरा चौकोन, चार बटणं. वाटतं, हे काय, बँकेच्या काउंटरवरचं सॉफ्टवेअर चुकून उघडलं की काय. सुरुवातीला तो मांडणी निवडायला देतो. त्यात डावीकडे अल्बमची यादी आणि उजवीकडे प्लेलिस्ट अशी मांडणी घ्या, सुरुवातीला तेवढी पुरते. रंगरंगोटीची हौस असलेले लोक यावर महिनोन्‌महिने घालवतात आणि त्यांचे स्क्रीनशॉट बघून आपल्याला न्यूनगंड येतो. तिकडे लक्ष देऊ नका.

मी डोंबिवलीत घरीच पेटी आणि गाणं शिकवते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारी मुलं येतात. मध्यमा पूर्णच्या मुलीला बागेश्री चालू असेल तर तिला किराणा, ग्वाल्हेर, जयपूर अशा घराण्यांचा, निरनिराळ्या गळ्यांतला बागेश्री ऐकवायचा असतो, आणि तोही शिकवता शिकवता, पेटीवरचा डावा हात न काढता. म्हणजे मला रागावरून शोधता आलं पाहिजे. त्यानंतर तालावरून, लयीवरून, क्वचित साथीदारावरून. आणि इथेच जगातली बहुतेक संगीताची सॉफ्टवेअर माना टाकतात. त्यांना तीन गोष्टी कळतात: गाण्याचं नाव, आर्टिस्ट, अल्बम. राग कुठे लिहायचा? मग कुणी तो गाण्याच्या नावात कोंबतं, कुणी अल्बमच्या, कुणी ‘प्रकार’ म्हणून. स्ट्रीमिंग अ‍ॅपवर तर यमन, येमन, ईमन, यमन कल्याण असं सगळं वेगवेगळ्या स्पेलिंगांनी सापडतं, आणि तबलजीचं नाव कधी आर्टिस्ट म्हणून पहिलं येतं, कधी येतच नाही. नाट्यपदांची गत याहून वाईट. पद कोणत्या नाटकातलं हे कुठेच नसतं, अल्बमच्या जागी ‘सदाबहार’ असलं काहीतरी.

फूबारमध्ये फील्ड, म्हणजे फाइलच्या माहितीतला एकेक कप्पा, आपण तयार करायचं. फाइल निवडून ऑल्ट आणि एंटर दाबलं की प्रॉपर्टीजची खिडकी उघडते, तिच्या तळाला नवीन फील्ड जोडायची सोय आहे. मी राग, ताल, लय, बंदिश, तबला, पेटी आणि नाटक अशी फील्ड ठेवली आहेत. एकच पथ्य: फील्डचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा. फ्लॅक या फाइलप्रकारात टॅगांच्या, म्हणजे फाइलसोबतच्या अशा नोंदींच्या, नियमातच फील्डच्या नावाला देवनागरी चालत नाही. आतला मजकूर मात्र खुशाल मराठीत लिहा, ‘विलंबित एकताल’ लिहिलं की तसंच दिसतं. जुन्या एमपी३ फाइलींवर प्रश्नचिन्हांची माळ दिसते ती फूबारची करणी नव्हे. टॅगची जी सर्वांत जुनी पद्धत होती तिला ३० अक्षरांपुढे जाता येत नसे आणि देवनागरीचा गंधच नव्हता. नावं पुन्हा एकदा नीट टाइप करून साठवली की प्रश्न मिटतो.

आणखी एक छान सोय. जुगलबंदी असेल तर आर्टिस्टमध्ये दोन्ही नावं अर्धविराम देऊन लिहायची, मग ते ध्वनिमुद्रण दोघांच्याही नावाखाली सापडतं. प्लेलिस्टमध्ये रागाचा वेगळा रकाना हवा असेल तर प्रेफरन्सेसमध्ये प्लेलिस्ट व्ह्यूच्या पानावर नवा रकाना जोडायचा आणि टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये त्या फील्डचं नाव लिहायचं. मग रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की अडाण्यापासून हिंडोलापर्यंत सगळे राग ओळीने उभे. त्याहून सोयीची म्हणजे ऑटोप्लेलिस्ट. राग बागेश्री आणि लय विलंबित असा शोध एकदा साठवून ठेवला की पुढे संग्रहात पडलेला प्रत्येक विलंबित बागेश्री आपोआप त्या यादीत येतो. हे एवढं जमलं की बाकीच्या प्लेअरकडे परत जाववत नाही.

आता ऐकण्याकडे वळू.

सीडीवरच्या ख्यालाचे बहुधा दोन ट्रॅक केलेले असतात, पहिला विलंबित म्हणजे संथ, दुसरा द्रुत म्हणजे जलद. गवई मात्र मधे थांबलेला नसतो, तंबोरा तर नाहीच नाही. एमपी३ करताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटाला थोडी शांतता चिकटते, कारण हा प्रकार आवाजाचे ठरावीक मापाचे तुकडे पाडून साठवतो आणि शेवटचा तुकडा रिकाम्या जागेने भरून काढतो. एक तुकडा साधारण २६ मिलिसेकंदांचा. सिनेमाच्या गाण्यांत हे कुणाला कळतही नाही. पण तंबोरा चालू असताना तेवढीशी फटसुद्धा उचकी लागल्यासारखी ऐकू येते, आणि नेमकी कुठे, तर विलंबितची शेवटची सम (तालाची पहिली मात्रा) घेऊन द्रुतची बंदिश उचलण्याच्या ऐन क्षणी. फाइल नीट बनवलेली असेल तर तिच्यात किती शांतता जादा आहे ही नोंद असते. फूबार ती वाचून तेवढा भाग गाळतो आणि तंबोरा अखंड राहतो. फ्लॅकमध्ये हा घोळ मुळातच नाही, म्हणून सीडी उतरवायची तर फ्लॅकमध्येच उतरवा. जागा वेव्ह या न दाबलेल्या प्रकाराच्या साधारण निम्मी लागते आणि आवाजातलं काहीही जात नाही. सीडी उतरवायची सोय फूबारमध्येच आहे, आणि उतरलेला आवाज इतरांनी त्याच सीडीवरून उतरवलेल्या आवाजाशी जुळतो का तेही तो ताडून पाहतो. फक्त सीडी ड्राइव्ह असलेला लॅपटॉप आता शोधावा लागेल किंवा यूएसबीचा ड्राइव्ह वेगळा घ्यावा लागेल.

दुसरा त्रास आवाजाच्या पातळीचा. कॅसेटवरून उतरवलेलं गाणं पुटपुटल्यासारखं, त्यानंतर हल्लीची ‘रीमास्टर’ केलेली आवृत्ती लागली की छातीत धडकी. यावर रीप्लेगेन हा उपाय आहे. फाइल आधी तपासून तिची सरासरी पातळी टॅगमध्ये लिहून ठेवायची आणि वाजवताना तेवढा आवाज कमी-जास्त करायचा. मूळ आवाजाला हात लागत नाही, नकोसं झालं तर टॅग पुसून टाकता येतो. पण सेटिंगमध्ये ‘ट्रॅक’ आणि ‘अल्बम’ असे दोन पर्याय आहेत आणि आपल्या गाण्यासाठी दुसराच घ्यायचा. ट्रॅकचा पर्याय घेतलात तर प्रत्येक फाइल एकाच पातळीवर आणली जाते, म्हणजे आलापी आणि तराणा दोन्ही सारख्याच जोरात. तासभर सावकाश चढत गेलेल्या मैफलीची रया जाते. दोन्ही ट्रॅक एकत्र निवडून ‘एकच अल्बम’ म्हणून तपासायचे, मग त्यांच्यातला मूळ चढउतार शाबूत राहतो.

तिसरी गोष्ट पट्टीची, आणि पेटीवालीला हीच सर्वांत जास्त खुपते. माझ्या वडिलांच्या कॅसेट मी एका दुकानातून उतरवून आणल्या. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण असा उद्योग करणारी दुकानं गावोगावी आहेत आणि तऱ्हा बहुतेक ठिकाणी तीच. फाइलींची नावं ‘साइड ए’, ‘साइड बी’, पुन्हा ‘साइड ए’. आर्टिस्ट अननोन. आणि टेपडेक किंचित जोरात फिरत असावा, कारण सगळी ध्वनिमुद्रणं चढलेली. गाणं लावलं आणि पेटी काढली तर स्वर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या बरोब्बर मधे. मुलांनी सोबत म्हणायचं कसं? बुवांचा आवाजही किरटा वाटायला लागतो, आणि मुलांना वाटतं तो तसाच होता.

फूबारला यासाठी एक जोड-घटक मिळतो. त्यात स्क्रीनवर तीन वेगवेगळ्या सरकपट्ट्या असतात: एकीने लय बदलते पण स्वर तोच राहतो, दुसरीने स्वर बदलतो पण लय तीच राहते, तिसरीने दोन्ही एकदम. कॅसेटच्या रोगावर तिसरीच लागते, कारण टेप जोरात फिरली की लय आणि स्वर दोन्ही चढतात. हिशेब सोपा आहे. वेग सुमारे ६ टक्के वाढला की अर्धी पट्टी चढते, म्हणजे काळी एकचा स्वर शेजारच्या पांढरी दोनवर जातो. माझ्या टेप पाव पट्टी चढलेल्या होत्या, उणे ३ टक्क्यांच्या आसपास आणल्यावर स्वर काळी एकवर येऊन बसला. साथीला पेटी वाजत असेल तर काम आणखी सोपं, पेटी काही दोन पट्ट्यांच्या मधे लागत नाही. (जुन्या पेट्या थोड्या इकडेतिकडे असतात, मान्य. पण इतक्या नाही.) सारंगीच्या साथीचं गाणं असेल तर त्या गवयाची नेहमीची पट्टी माहीत असावी लागते. पहिली सरकपट्टी, लयीची, रियाजाला वापरा. अवघड तान ७० टक्के लयीत ऐकवली की मुलांना तिचा नकाशा दिसतो.

दुकानात कॅसेट देणारच असाल तर तीन गोष्टी ठणकावून सांगा: एमपी३ नको, वेव्ह किंवा फ्लॅक हवं; आवाज ‘सुधारू’ नका; टेप वाचणाऱ्या हेडची अलाइनमेंट प्रत्येक कॅसेटला तपासा. हेड तिरकं असेल तर वरचे सूर आणि तंबोऱ्याचा झंकार जो जातो तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. आणि एक बाजू म्हणजे एक लांबलचक फाइल मिळाली तर ती कापायच्या फंदात पडू नका. क्यू शीट नावाची साधी मजकुराची फाइल लिहायची, तिच्यात कोणता भाग कितव्या मिनिटाला सुरू होतो ते द्यायचं, सेकंदाचेही ७५ भाग पाडता येतात. फूबार ती वाचून ख्याल, तराणा, भैरवी असे वेगळे ट्रॅक दाखवतो, मूळ फाइल अखंडच राहते. मराठी नावं लिहिलीत तर साठवताना यूटीएफ-८ हे देवनागरी चालणारं एन्कोडिंग निवडा.

अ‍ॅपवर सगळं मिळत असताना एवढा खटाटोप कशाला, असं माझ्या विद्यार्थ्यांचे पालक विचारतात. सगळं मिळत नाही, हे पहिलं उत्तर. मिळालेलं राहत नाही, हे दुसरं. २०१९ मध्ये सारेगामाचा संग्रह स्पॉटिफायवरून काढला गेला, २०२० मध्ये करार झाल्यावर परत आला. एचएमव्हीच्या जुन्या तबकड्यांचा वारसा सारेगामाकडे आहे, म्हणजे त्या काळात तिथे काय काय नसेल याचा विचार करा. २०२४ मध्ये विंक हे एअरटेलचं गाण्यांचं अ‍ॅप बंद झालं. अशा अ‍ॅपवर वर्षानुवर्षं हौसेने जमवलेल्या याद्या एका सूचनेसरशी जातात. विकत घ्यावं तर दुकानं कुठे आहेत? मुंबईत काळाघोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्येच मिटलं.

तिसरं उत्तर पैशाचं आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हापासून गवयांनी राग तीन-साडेतीन मिनिटांत बसवायची कला साधली, कारण तबकडी तेवढीच होती. पुढे लाँग प्लेने एका बाजूला वीसेक मिनिटं दिली, कॅसेटने अर्धा तास, सीडीने सलग ७४ मिनिटं. आता वेळेची मर्यादाच उरली नाही. गवयाला तासभर गाऊन त्याची एकच फाइल टाकता येते. पण स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक वेळ वाजलं असं धरतात, मग पुढे गाणं तीन मिनिटांचं असो की पन्नास. आणि २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा न वाजलेल्या ट्रॅकचे पैसे मिळत नाहीत. ३० सेकंदांत गवई फार तर षड्ज लावतो. म्हणून अलीकडे तरुण गायक-गायिका बंदिशींचे चार-चार मिनिटांचे तुकडे टाकताना दिसतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण पूर्ण गाणं ज्यांच्याकडून थेट फाइल म्हणून विकत मिळतं त्यांच्याकडून ते जरूर घ्यावं, आणि घेतलेलं सांभाळायला असं काहीतरी लागतं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांपैकी बऱ्याच आता कॉपीराइटबाहेर आहेत, आपल्याकडे ध्वनिमुद्रणाला प्रकाशनापासून ६० वर्षांचं संरक्षण असतं. त्या इंटरनेट आर्काइव्ह या फुकट संग्रहाच्या साइटवर सापडतात, खरखरीसकट.

कुरकुरी. एक, मराठी मेनू नाहीत, सगळं इंग्रजी. दोन, प्रेफरन्सेसची खिडकी म्हणजे जंगल आहे, हवं ते सेटिंग पाचव्या फांदीवर असतं, वरच्या शोधाच्या चौकटीत शब्द टाकणं हाच मार्ग. तीन, अल्बमची चित्रं, गाण्याचे शब्द वगैरे नटवेपणा हवा असेल तर म्युझिकबी हा प्लेअर बघा, तोही फुकट आहे आणि दिसायला कितीतरी देखणा. व्हीएलसी काहीही वाजवतो, पण मोठा संग्रह लावून ठेवायचं ते काम नव्हे. मोबाइलवरचा फूबार २०१६ पासून आहे आणि ठीकठाक आहे, इतकंच. मॅकवरही आहे.

काही हमखास अडचणी. आवाजच येत नसेल तर बहुतेक वेळा लॅपटॉपला टीव्ही किंवा ब्लूटूथ स्पीकर जोडलेला असतो आणि आवाज भलतीकडे जात असतो. प्रेफरन्सेसमध्ये आउटपुटच्या पानावर उपकरण निवडा. त्याच यादीत काही नावांपुढे ‘एक्स्क्लूसिव्ह’ लिहिलेलं दिसेल. ते निवडलं तर विंडोजचा मधला मिक्सर टळतो आणि फाइलमधला आवाज जसाच्या तसा बाहेर पडतो, पण तोवर बाकीच्या कुठल्याच प्रोग्रॅमचा आवाज येत नाही. ऑनलाइन शिकवणी घेत असाल तर हा पर्याय नको, विद्यार्थ्याचा आवाज गायब होईल आणि तुम्ही इंटरनेटला शिव्या घालत बसाल. गाणी दिसतात पण वाजत नाहीत, तर फोल्डर हलवलेलं असतं, नवीन जागा मीडिया लायब्ररीला सांगा. टॅग फाइलच्या पोटातच लिहिलेले असतात, त्यामुळे संगणक बदलला तरी राग-ताल सोबत येतात. प्लेलिस्ट मात्र वेगळ्या साठवलेल्या असतात, त्यांची प्रत आठवणीने काढावी.

बसवताना तो ‘स्टँडर्ड’ की ‘पोर्टेबल’ असं विचारतो. संग्रह बाहेरच्या हार्ड डिस्कवर असेल तर पोर्टेबल घेऊन त्याच डिस्कवर बसवा, मग प्लेअर, सेटिंग आणि प्लेलिस्ट सगळं एकत्र फिरतं, क्लासच्या संगणकावरही आणि घरच्याही. डाउनलोड फक्त अधिकृत साइटवरून करा. फाइलींचा प्रकार बदलण्यासाठी आणि सीडी उतरवण्यासाठी एन्कोडर पॅक वेगळा लागतो, तोही तिथेच फुकट आहे. नुसतं ऐकायचं असेल तर त्याची गरज नाही.